पकड येण्यापूर्वीची तौबा
(सूरह अल-माइदा, आयत ३२ ते ३४ : भामरागडच्या जंगलातून परतणाऱ्या तरुणांच्या संदर्भात एक अभ्यास)

सूरह अल-माइदाच्या ३२, ३३ आणि ३४ या तीन आयती एकत्र वाचल्याशिवाय त्यांचा पूर्ण आशय हाती येत नाही. पहिल्या आयतीत एका निरपराध जिवाची हत्या ही जणू संपूर्ण मानवजातीची हत्या आणि एका जिवाचे रक्षण हे जणू संपूर्ण मानवजातीचे रक्षण ठरविले आहे. दुसऱ्या आयतीत शस्त्राच्या बळावर भूमीवर फसाद माजविणाऱ्यांसाठी अत्यंत कठोर शिक्षा सांगितल्या आहेत. तिसरी आयत एक अपवाद घेऊन येते. तुमची पकड बसण्यापूर्वीच जे तौबा करतील ते या शिक्षेतून वगळले आहेत, आणि अल्लाह क्षमाशील व दयावान आहे हे जाणून असा, असा तिचा आशय आहे.

शिक्षेचा उल्लेख होताच क्षमेचे दार उघडणारी ही मांडणी विचार करण्याजोगी आहे. ज्याने रस्ते असुरक्षित केले, लोकांचे रक्त सांडले, त्याच्यासाठीही परतीची एक वाट दिव्य कुरआनने शिल्लक ठेवली. मात्र त्या वाटेला एक अट घातली. माणसाने पकडला जाण्यापूर्वी, आपल्या इच्छेने परत यावे. बेड्या पडल्यावर व्यक्त केलेला पश्चात्ताप आणि मोकळे असताना शस्त्र खाली ठेवणे यांत फरक आहे. पहिल्यात भीतीचा भाग किती आणि मनाचा भाग किती हे माणसांना कळत नाही. दुसऱ्यात कृतीच साक्ष देते.

या आयतींवरून फिक्हचे कायदेशीर निर्णय काढणे हा या लेखाचा हेतू नाही. शिक्षा देणे हे शासन आणि न्यायालय यांचे काम आहे. कोणत्याही व्यक्तीला वा जमावाला तो अधिकार नाही, यावर फुकहांचे एकमत आहे. आपण ज्या देशात राहतो तेथे त्याच देशाचा कायदा चालतो. आपल्याला येथे एवढेच पाहायचे आहे की हिंसेच्या मार्गावर गेलेला तरुण परत येऊ इच्छितो तेव्हा समाजाने काय करावे, आणि तो त्या मार्गावर जाऊच नये यासाठी काय करावे. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात जेथे गेली चार दशके रक्ताने लिहिला गेला, त्या भामरागडच्या भूमीवर उभे राहून आपण या आयतींचा अभ्यास करू.

भामरागडची भूमी

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अंतरावर भामरागड वसले आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा येथे संगम होतो. नदीपलीकडे छत्तीसगडचे जंगल सुरू होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. येथील मूळ रहिवासी माडिया गोंड आहेत. तेंदूपाने, बांबू, मोह आणि थोडी भातशेती यांवर त्यांची उपजीविका चालते. त्यांची माडिया बोली मराठीहून वेगळी असल्याने सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला आपले गाऱ्हाणे सांगणेही कठीण जाई.

१९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून आंध्रातील नक्षलवादी या भागात आले. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हा जंगलात दलमांचा वावर सुरू झालेला होता. नक्षलविरोधी मोहिमांसाठी १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० हे विशेष पथक उभारले गेले. पुढील काळात या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. एप्रिल २०१८ मध्ये इंद्रावतीच्या काठावर बोरिया-कसनासूर परिसरातील चकमकीनंतर ४० मृतदेह हाती आले. त्यांत कोवळ्या वयाचे तरुण-तरुणीही होते. याखेरीज पोलिसांचा खबऱ्या असल्याचा ठपका ठेवून शेकडो सामान्य गावकऱ्यांना नक्षलवाद्यांनी ठार केले. मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच जमातीचे, कधी एकाच गावचे होते.

तरुण जंगलात का जात होता?

रोगाचे कारण न शोधता औषध देता येत नाही. माडिया तरुण दलममध्ये गेला त्याची कारणे अनेक होती आणि सर्वच कारणे दुष्टपणाची नव्हती. सरपण आणले म्हणून वनरक्षकाचा दंड, कंत्राटदाराने तेंदूपानांची दिलेली तुटपुंजी मजुरी, कचेरीतील अपमान या गोष्टी खऱ्या होत्या. दलमने सुरुवातीच्या काळात तेंदूपानांचा दर वाढवून घेतला आणि जाच करणाऱ्यांना धाक बसविला. यामुळे अन्यायाविरुद्ध उभे राहणारे कोणी तरी आहे, असे तरुणाला वाटले. चेतना नाट्य मंचाची गाणी आणि नाच मुलांना ओढून नेत. गणवेश आणि बंदूक यांमुळे कालपर्यंत कोणी न विचारणाऱ्या पोराला गावात मान मिळे. काही मुलींनी नको असलेल्या विवाहातून सुटण्यासाठी जंगलाची वाट धरली. कित्येक ठिकाणी तर घरटी एक मूल द्या, असा दबावच असे.

आत गेल्यावर वाट बंद होत असे. आजारपण, उपासमार आणि सततची पळापळ सोसावी लागे. विवाह करायचा असेल तर पुरुषाला नसबंदी करून घ्यावी लागे. ज्या गावाच्या न्यायासाठी आपण निघालो होतो, त्याच गावच्या माणसाला रात्री घरातून ओढून मारण्याचे काम वाट्याला येई. परत जावे तर एकीकडे पोलीस आणि दुसरीकडे संघटनेचा सूड. न्यायाच्या इच्छेने निघालेला माणूस अन्यायाचे साधन बनतो, याला दिव्य कुरआनने फसाद म्हटले आहे. सूरह अल-बकरहच्या ११ व्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांना फसाद करू नका असे सांगितले असता ते स्वतःला सुधारकच म्हणवितात. उद्देश चांगला आहे हे सांगून रक्त शुद्ध होत नाही.

अमान : दार कोणी तरी उघडावे लागते

तफसीरच्या ग्रंथांत ३४ व्या आयतीखाली दोन घटना नोंदविल्या आहेत. इमाम तबरी आणि पुढे इब्ने कसीर यांनी त्या दिल्या आहेत.

पहिली घटना हारिसा बिन बद्र तमीमी या बसऱ्याच्या माणसाची. त्याने शस्त्र उचलून फसाद माजविला होता. पुढे त्याला पश्चात्ताप झाला. हजरत अली (रजि.) यांच्याकडून आपल्याला अमान, म्हणजे जीविताचे अभय मिळावे म्हणून त्याने काही कुरैशी मान्यवरांकरवी रदबदली केली, पण ती सफल झाली नाही. तेव्हा तो सईद बिन कैस हमदानी यांच्याकडे गेला. सईद यांनी त्याला आपल्या घरात ठेवले आणि ते स्वतः हजरत अलींकडे गेले. त्यांनी फसाद माजविणाऱ्यांची शिक्षा काय, असा प्रश्न केला. हजरत अलींनी ही आयत पकडीपूर्वी तौबा करणाऱ्यांच्या अपवादापर्यंत पठण केली. सईद यांनी विचारले की तो माणूस हारिसा बिन बद्र असला तरीही? हजरत अलींनी होकार दिला आणि त्याला अमानपत्र लिहून दिले.

दुसरी घटना अली असदी नावाच्या लुटारूची. तो रस्ते अडवी, खून करी, माल लुटी. शासन आणि जनता दोघेही त्याच्या शोधात होते. एके दिवशी त्याने कोणाला तरी सूरह अज-जुमरची ५३ वी आयत पठण करताना ऐकले. आपल्या जिवावर अत्याचार केलेल्या दासांनी अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नये, असा तिचा आशय आहे. त्याने ती पुन्हा म्हणावयास लावली, तलवार म्यान केली आणि तो पहाटे मदीनेत पोहोचला. स्नान करून त्याने मस्जिदे नबवीत फज्रची नमाज अदा केली आणि तो हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याजवळ जाऊन बसला. उजाडल्यावर लोकांनी त्याला ओळखले आणि ते त्याच्यावर धावून गेले. पकडीपूर्वी मी तौबा करून आलो आहे, असे त्याने सांगितले. हजरत अबू हुरैरा यांनी तो खरे बोलत असल्याचे सांगितले, त्याचा हात धरला आणि मदीनेचा तत्कालीन अधिकारी मरवान बिन हकम याच्याकडे त्याला स्वतः नेले. त्याला सोडून देण्यात आले.

दोन्ही घटनांत तौबा करणारा आणि शासन यांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा आहे. एकाने घरात आश्रय दिला, दुसऱ्याने हात धरला. दोघांनीही गुन्ह्याचे समर्थन केले नाही आणि गुन्हेगाराला शासनापासून लपवूनही ठेवले नाही. त्यांनी त्याला शासनापर्यंत सुखरूप पोहोचविले. सईद बिन कैस यांच्याजवळ सत्ता नव्हती, ती हजरत अलींजवळ होती. तरीही सईद नसते तर अमानपत्र लिहिले गेले नसते. समाजाचे काम येथे सुरू होते.

महाराष्ट्र शासनाने २००५ साली नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना सुरू केली. शस्त्रासह परत येणाऱ्याला आर्थिक साहाय्य, घर, ओळखपत्रे, व्यवसाय-प्रशिक्षण आणि आरोग्यसेवा देण्याची तरतूद तीत आहे. गडचिरोलीत त्यानंतर शेकडो जणांनी शस्त्र खाली ठेवले. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्का या ज्येष्ठ नेत्या आपल्या दहा सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यास त्यांचे पती आणि माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वातील मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी ६० जणांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. या मोठ्या नावांमागे असंख्य लहान नावे आहेत, ज्यांची बातमी झाली नाही. अशा तरुणाच्या परतीची सुरुवात बहुतेक वेळा आईच्या निरोपाने, भावाच्या भेटीने किंवा आधी परतलेल्या सोबत्याच्या शब्दाने होते. अमान शासन देते. अमान खरे आहे हा विश्वास मात्र आपले माणूस देते.

म्हणूनच दिलेल्या शब्दाला इस्लाममध्ये एवढे मोल आहे. शरण आलेल्याला फसविणे, त्याला कबूल केलेले न देणे किंवा निरपराध माणसाला शरणागत म्हणून दाखविणे हा केवळ प्रशासकीय दोष नसून विश्वासघात आहे. एकाचा विश्वासघात झाला की जंगलातील दहा जणांची वाट बंद होते.

हक्क कोणाचे उरतात?

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे यावे लागेल. ज्या आईचा मुलगा खबऱ्या ठरवून मारला गेला, तिने परतलेल्या मारेकऱ्याचा सत्कार पाहावा काय? त्याला घर आणि पैसे मिळतात, तिला काय मिळते?

फुकहांनी या आयतीच्या विवेचनात हा प्रश्न टाळलेला नाही. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क असा भेद त्यांनी केला. पकडीपूर्वीच्या तौबेने फसादाची विशिष्ट शिक्षा उतरते, कारण तो अल्लाहचा हक्क होय. परंतु ज्याचा जीव घेतला त्याच्या वारसांचा हक्क आणि ज्याचा माल लुटला त्याचा हक्क बहुसंख्य फुकहांच्या मते कायम राहतो. वारसांनी हवे तर न्याय मागावा, हवे तर भरपाई घ्यावी, हवे तर क्षमा करावी. पण त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी क्षमा करून टाकावी हे चालत नाही. ज्याने आपल्या बांधवावर अत्याचार केला असेल त्याने दीनार-दिरहम उपयोगी पडणार नाहीत असा दिवस येण्यापूर्वीच त्याच्याशी निकाल लावून घ्यावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजाविले आहे (बुखारी).

आपल्या देशाच्या व्यवस्थेतही शरणागतीने गंभीर गुन्ह्यांचे खटले आपोआप पुसले जात नाहीत. त्यांचा निर्णय न्यायव्यवस्थेच्या मार्गाने व्हावयाचा असतो. ही गोष्ट योग्यच आहे. दया आणि न्याय यांना परस्परांचे शत्रू समजण्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. काही जण म्हणतात, परत आला ना, आता जुने उकरू नका. असे म्हणणारे मृताच्या आईला दुसऱ्यांदा एकटे पाडतात. काही जण म्हणतात, असल्यांना कसली क्षमा? असे म्हणणारे जंगलात उरलेल्यांना सांगतात की परत येऊ नका, लढत राहा. पुनर्वसनाच्या कोणत्याही कार्यक्रमाचा खरा कस म्हणूनच पीडित कुटुंबाच्या दारात लागतो. परतलेल्याला मिळणाऱ्या मदतीइतकीच तत्परता मृताच्या वारसांना मिळणारी मदत, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे यांत दिसली पाहिजे. परतलेल्यानेही हे ओळखले पाहिजे की घर मिळाले म्हणजे हिशेब मिटला असे नाही. सत्य सांगणे, क्षमा मागणे आणि उरलेल्या आयुष्यात जीव वाचविण्याचे काम करणे हे त्याच्यावरील ऋण आहे.

दार बंद करणाऱ्याचे उत्तर

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस सर्वपरिचित आहे. पूर्वीच्या एका जनसमूहातील माणसाने ९९ खून केले होते. त्याने एका संन्याशाला विचारले की माझ्यासाठी तौबा आहे काय? त्याने नाही म्हटले. तेव्हा त्या माणसाने त्यालाही ठार केले आणि १०० ची संख्या पूर्ण केली. पुढे त्याने एका ज्ञानी माणसाला तोच प्रश्न केला. तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण आडवे येऊ शकते, असे तो म्हणाला; पण एवढ्यावर थांबला नाही. अमुक भूमीकडे जा, तेथे अल्लाहची उपासना करणारे लोक आहेत, त्यांच्यासोबत राहा आणि आपल्या भूमीकडे परतू नकोस, कारण ती वाईट भूमी आहे, असे त्याने सांगितले. त्या वाटेतच माणसाला मृत्यू आला आणि कृपेच्या फरिश्त्यांनी त्याला स्वीकारले.

या हदीसचा अभ्यास करताना शंभराव्या खुनाकडे बहुधा दुर्लक्ष होते. परतीच्या आशेने आलेल्याला, तुझ्यासाठी जागा नाही, असे सांगितले गेले आणि त्यातून आणखी एक खून झाला. संन्यासी धर्मपरायण होता, परंतु त्याला ज्ञान नव्हते. ज्ञानी माणसाने मात्र आशा दिली आणि तिच्यासोबत एक पत्ताही दिला. तौबेला चांगल्या माणसांची वस्ती लागते हे त्याने ओळखले.

गडचिरोलीचा अनुभव हेच सांगतो. शरण आल्यानंतर गावी परतलेल्या काही जणांना नक्षलवाद्यांनी ठार केले. त्यामुळे अनेक आत्मसमर्पित जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ वस्ती करून राहतात. आपले गाव, आपली शेती, आपला देवघाट सोडून शहराच्या कडेला राहणे सोपे नाही. तेथे शेजार कोण देतो, मुलांना शाळेत सोबत कोण बसवितो, हाताला काम कोण देतो, यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरते. नसबंदी झालेल्या कित्येकांवर ती उलटविण्याची शस्त्रक्रिया करण्यात आली आणि त्यांच्या घरात मुले खेळू लागली. आत्मसमर्पितांचे सामूहिक विवाह झाले. कोनसरी येथील लोहप्रकल्पात काहींना प्रशिक्षण आणि नोकरी मिळाली. ज्याच्या मांडीवर मूल आहे आणि ज्याला सकाळी कामावर जायचे आहे, त्याला जुन्या मार्गाकडे ओढणे कठीण असते.

कुऱ्हाड आणि पंधरा दिवस

रोजगाराच्या संदर्भात अबू दाऊद आणि इब्ने माजा यांनी हजरत अनस (रजि.) यांच्याकडून दिलेली हदीस जंगलाच्या प्रदेशात विशेष जवळची वाटते. एक गरजू अन्सारी प्रेषितांकडे मागावयास आला. घरात काय आहे, असे प्रेषितांनी विचारले. अंगावर घेण्याचे व अंथरण्याचे एक जाड वस्त्र आणि एक पेला एवढेच होते. प्रेषितांनी ते मागवून लोकांसमोर लिलाव केला. एकाने एक दिरहम सांगितला, दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे अन्न घरी देण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास त्यांनी सांगितले. कुऱ्हाड आल्यावर तिला स्वतःच्या हाताने दांडा बसविला आणि त्याला सांगितले की लाकूड तोडून विक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून आला.

या छोट्या घटनेत पुनर्वसनाचा पूर्ण क्रम आहे. प्रथम घरच्यांच्या पोटाची सोय, मग साधन, मग साधन वापरण्यायोग्य करून देणे, मग ठरावीक मुदत आणि शेवटी पुन्हा भेट. केवळ पैसे देऊन निरोप दिला तर पैसे संपतात. साधन दिले, पण दांडा बसवून दिला नाही, तर ते कोपऱ्यात पडून राहते. मुदतीनंतर विचारपूस केली नाही तर माणूस हरवतो. आपल्या वस्तीत तुरुंगातून सुटून आलेल्या किंवा टोळीतून बाहेर पडलेल्या मुलासाठी काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला कार्यक्रम या पाच पायऱ्यांवर तपासून पाहावा.

जाण्यापूर्वीच थांबविणे

परत आणण्यापेक्षा जाऊ न देणे श्रेष्ठ आहे. भामरागडपासून जवळच असलेल्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा उभी केली आणि १९७६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. हे सर्व नक्षलवाद्यांच्या आगमनापूर्वीचे आहे. माडिया समाजातील पहिले डॉक्टर कन्ना मडावी याच शाळेत शिकले. पुढील पिढ्यांतून शिक्षक, वकील, परिचारिका आणि पोलीस तयार झाले. एकाच गावच्या दोन मुलांपैकी एक शाळेत आणि दुसरा दलममध्ये गेला, तर वीस वर्षांनी त्यांची आयुष्ये कोठे पोहोचली हे सांगण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. या प्रकल्पाने कोणाला बंदूक सोडण्याचा उपदेश केला नाही. त्याने मुलासमोर दुसरी वाट ठेवली.

अलीकडच्या काळात गडचिरोली पोलिसांनी ठाण्यांतून आणि मदत केंद्रांतून दादालोरा खिडकी हा उपक्रम चालविला आहे. दाखले, सरकारी योजनांचे अर्ज, प्रशिक्षण आणि नोकरीची माहिती गावकऱ्यांना एकाच ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू. नावातील दादा म्हणजे थोरला भाऊ. ज्या ठाण्याच्या दारात जाण्यास माणूस भीत असे, तेथे तो कागद घेऊन जाऊ लागला, हा बदल लहान नाही. २००३ पासूनच्या गावबंदी योजनेनुसार भामरागड तालुक्यातील गावांनीही नक्षलवाद्यांना प्रवेश न देण्याचे ठराव केले. एकटा बाप आपल्या मुलाला न देण्याचे धैर्य दाखवू शकत नाही. गाव एकत्र आले की ते शक्य होते.

परंतु न्यायाची तहान भागली नाही तर दुसरी टोळी दुसऱ्या नावाने येते. याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने याचे उत्तर दाखवून दिले. ग्रामसभेने एकमताने निर्णय घेण्याची शिस्त लावली, वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. वनखाते आणि कंत्राटदार यांच्याविरुद्धची तक्रार येथेही तीच होती. मार्ग मात्र कागदाचा, चर्चेचा आणि चिकाटीचा होता.

हे वाचताना हिल्फुल फुदूलची आठवण होते. मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन एका सरदाराने त्याचे पैसे बुडविले. तेव्हा काही कुळांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन याच्या घरी जमले आणि पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू, असा करार त्यांनी केला. प्रेषित मुहम्मद (स.) त्या वेळी सुमारे वीस वर्षांचे होते आणि ते या करारात सामील होते. पुढे प्रेषित्व प्राप्त झाल्यानंतरही, आज मला त्यासाठी बोलाविले तरी मी जाईन, असे ते सांगत. विशीतल्या तरुणाच्या मनात अन्यायाची चीड असणे हा त्याचा दोष नव्हे, ती अल्लाहची देणगी आहे. त्या चिडीला बसण्यासाठी अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरासारखी जागा समाजाने दिली नाही, तर जंगलातले दलम किंवा नाक्यावरची टोळी ती जागा देते.

आपल्या वस्तीतील भामरागड

वाचक बंधु-भगिनींनो, हा विषय दूरच्या जंगलाचा आहे असे समजून पान उलटू नये. आपल्या शहरांच्या वस्त्यांतही मुले टोळ्यांच्या नादी लागतात. कारणे ओळखीची आहेत : अर्धवट सुटलेली शाळा, बेकारी, अपमान, मोटारसायकल आणि पैशाचे आकर्षण, आणि आपल्याला कोणी तरी मानते ही भावना. अशा मुलाचे नाव पोलिसांच्या दप्तरी आले की आपण काय करतो? त्याच्या बापाशी बोलणे टाळतो, त्याच्या बहिणीचे स्थळ मोडतो, आणि तो मशिदीत आला तर माना वळवून पाहतो. मद्यपानाची शिक्षा झालेल्या माणसाला एकाने शाप दिला तेव्हा प्रेषितांनी त्याला रोखले आणि आपल्या बांधवाविरुद्ध शैतानाला साहाय्य करू नका, असे सांगितले (बुखारी). तिरस्काराने मुलाला टोळीकडे ढकलणे हे शैतानाला साहाय्य करणेच होय.

फुदैल बिन इयाज (रह.) हे तौबेपूर्वी अबीवर्द आणि सरखस या नगरांमधील वाटेवर लूटमार करीत. एका रात्री त्यांच्या कानी सूरह अल-हदीदची १६ वी आयत पडली, जीत श्रद्धावंतांची अंतःकरणे अल्लाहच्या स्मरणाने नम्र होण्याची वेळ अजून आली नाही काय, असा प्रश्न केला आहे. ते परत फिरले आणि एका पडक्या जागी थांबले. तेथे उतरलेले प्रवासी आपापसांत म्हणत होते की पहाट होईपर्यंत निघू नका, वाटेत फुदैल आहे. आपल्या नावाने माणसे भितात हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले आणि त्यांची तौबा दृढ झाली. हिजरी १८७ मध्ये मक्केत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते त्या काळातील अत्यंत आदरणीय उपासकांपैकी एक होते. त्या रात्री आयत पठण करणाऱ्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. सईद बिन कैस यांनी हारिसाला घरात घेतले आणि हजरत अबू हुरैरांनी असदीचा हात धरला, तसेच त्या अनामिकाने आपले काम केले.

या अभ्यासातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

१. पकडीपूर्वी परत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणे ही ईशआज्ञेला धरून असलेली गोष्ट आहे. तिला दुबळेपणा समजू नये.

२. दार उघडे ठेवणे म्हणजे पीडितांचा हक्क बुडविणे नव्हे. वारसांचे ऐकून घेणे आणि त्यांना न्याय मिळवून देणे हा त्याच कामाचा भाग आहे.

३. परतणाऱ्याला शासनापर्यंत कायद्याच्या मार्गाने सुखरूप नेणारा, शब्दाचा पक्का माणूस प्रत्येक वस्तीत असावा.

४. तौबेला शेजार, रोजगार आणि विचारपूस यांची जोड हवी.

५. तरुणाच्या मनातील न्यायाच्या इच्छेला सनदशीर वाट देणे हाच त्याला टोळीपासून वाचविण्याचा टिकाऊ उपाय आहे.

अभ्यास मंडळात चर्चेसाठी प्रश्न :

आपल्या वस्तीत तुरुंगातून सुटून आलेला कोणी तरुण आहे काय, आणि गेल्या महिन्यात त्याच्या घरी कोण गेले? शाळा सोडलेल्या मुलांची यादी आपल्या मशिदीच्या वा मोहल्ल्याच्या समितीकडे आहे काय? हिंसेत आपले माणूस गमावलेल्या घराची चौकशी कोण करतो? ज्या तरुणांना व्यवस्थेविषयी राग आहे, त्यांना वकिलाकडे, माहितीच्या अधिकाराकडे, ग्रामसभेकडे वा नगरसेवकाकडे नेणारा कोणी आहे काय?

एका जिवाचे रक्षण म्हणजे संपूर्ण मानवजातीचे रक्षण, या ३२ व्या आयतीतील तत्त्वाने ३३ व्या आयतीतील कठोरता आणि ३४ व्या आयतीतील क्षमा या दोन्हींना आपल्या कक्षेत घेतले आहे. फसाद रोखला तरी जीव वाचतो आणि तौबा स्वीकारली तरी जीव वाचतो. अल्लाह आपल्याला न्यायावर स्थिर राहण्याचे आणि परतणाऱ्याचा हात धरण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.